उपासाचं ताट कुणाकडे गेलं?

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली, रमजानचा पहिला रोजा २ मार्चला आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. आठवडाभरात आमच्या दिवेआगर-बोर्ली पट्ट्यातली तिन्ही धर्मांची माणसं उपाशीपोटी देवासमोर बसली. कुणाकडे वरीचे तांदूळ शिजत होते, कुणाकडे पहाटेच्या सहरीची लगबग होती आणि माझ्या घरी ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांची सुरुवात होत होती. श्रीवर्धन तालुक्यात परिचारिका म्हणून माझी बरीचशी नोकरी गेली. उपास करणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. त्यांची नाडी धरली आहे, त्यांना सलाइन लावलं आहे. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे आणि ती सगळ्यांत आधी माझ्या ख्रिस्ती भावंडांना उद्देशून आहे.

अलीकडे आमच्यात उपास-प्रार्थना म्हटली की काहीतरी मिळवण्याचा मार्ग, असा समज घट्ट होत चालला आहे. मुलाला नोकरी लागावी, कोर्टातला दावा जिंकावा, व्हिसा मिळावा, अंगातली गाठ विरघळावी; त्यासाठी तीन दिवस, सात दिवस, एकवीस दिवस. जितकं जास्त उपाशी राहू तितकं देवाचं मन लवकर द्रवेल, असा हा हिशोब आहे. मला तो मान्य नाही. ज्याला आम्ही बाप म्हणतो, तो लेकराला आधी उपाशी ठेवून मगच त्याचं ऐकतो, असं मी मानू शकत नाही. उपासानं बदलायचं असतं ते माझं मन. आणि ते बदललं की नाही, हे मी किती दिवस काही खाल्लं नाही यावरून कळत नाही. मी न जेवलेलं ताट कुणाकडे गेलं, यावरून कळतं.

हे मी आईकडे पाहून शिकले. आम्ही नगर जिल्ह्यातले, राहुरीकडचे. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच कडेनं चिरायची आणि गार झाली की दातांनी तोडावी लागायची. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. घरात तेव्हा पोटभर कुणीच जेवत नव्हतं. तरीही उत्तम शुक्रवारच्या आधीच्या सगळ्या शुक्रवारी आई दुपारची भाकरी सोडायची. तिच्या वाट्याचं पीठ परातीतून आधीच काढून डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. रविवारी उपासना झाली की तो डबा मंडळीतल्या एका निपुत्रिक म्हातारीच्या झोपडीत जायचा. डबा पोचवायचं काम माझं होतं.

आपल्यालाच पुरत नाही तर उपास कशाला, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "आपण रोजच अर्धपोटी असतो गं, पण ते दुष्काळानं ठेवलेलं. शुक्रवारचं मी ठेवते. त्या म्हातारीचा डबा रिकामा आहे, आपल्या डब्यात तळाला का होईना, आहे." माझी आई शाळेत गेलेली नव्हती. पण उपासाचं धर्मशास्त्र याहून नेमकं मला कुठल्याच प्रवचनात ऐकायला मिळालेलं नाही.

पुढे मिरजेला नर्सिंग शिकताना बरोबरच्या मिझो मुलींकडून कळलं, की त्यांच्याकडे १९१० सालापासून अशीच रीत आहे. प्रत्येक जेवणाचा भात शिजवायच्या आधी घरची बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते, आठवड्याचे साठलेले तांदूळ चर्चमध्ये जमा होतात आणि त्यातून मंडळीची कामं चालतात. अख्ख्या मिझोरमच्या चर्चची उभारणी या मुठीमुठीच्या तांदळाच्या आधारानं झाली आहे. माझ्या आईला मिझोरम हे नावसुद्धा ठाऊक नव्हतं. दोन्हीकडच्या बायकांनी एकच वाट शोधली, कारण वाट फारशी लांब नाही. देवाचं नाव घेऊन स्वयंपाकाला बसणाऱ्या बाईला तिच्या परातीतच ती सापडते.

भूक आणि उपास यांतला फरक महाराष्ट्राला आपल्या आयुष्यातून दाखवून दिला तो पंडिता रमाबाईंनी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. १८७०च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात या कुटुंबानं तीर्थयात्रा, पुराणवाचन, अनुष्ठानं, दानधर्म यांत जवळचं होतं नव्हतं ते घातलं. शेवटी झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भारतभर हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. पोटात दाणा नसताना देवाची आळवणी करणं म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी काय केलं ते आजच्या उपासवाल्यांनी पाहावं.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपल्या लहानपणीची भूक त्यांना त्या मुलींच्या डोळ्यांत दिसली असणार. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभं राहिलं. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या मंडळानं दिलेली मदतीची हमी दहा वर्षांची होती आणि ती १८९८च्या सुमारास संपत होती. नेमक्या त्याच काळात त्यांनी पदरात घेतलेल्या तोंडांची संख्या वाढत गेली. १९००च्या दुष्काळानंतर ती दोन हजारांच्या घरात पोचली. माझ्या नोकरीत वीस खाटांचा वॉर्ड चालवताना औषधांची आणि जेवणाची जुळवाजुळव करून जीव मेटाकुटीला यायचा. दोन हजार माणसांच्या सकाळच्या जेवणाचा भार डोक्यावर असताना पहाटे उठून प्रार्थनेला बसणारी ही बाई कुठल्या धीरानं बसत असेल, हा विचार मी अनेकदा केला आहे.

तो धीर रोजच्या सवयीतून आला होता. केडगावला प्रार्थनेची घंटा होत असे, तशीच कामाचीही होत असे. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा चालवला, अंध मुलींना ब्रेल शिकवली, छापखाना काढला. १९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमायला मुलींना बोलावलं, तेव्हा सत्तरेक जणी आल्या. काही महिन्यांत हा आकडा पाचशेच्या वर गेला आणि जूनअखेरीला तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. आमच्या सभांमधून त्या जागरणाची वर्णनं मोठ्या आवाजात सांगितली जातात. त्याआधीची पाच-सहा महिन्यांची नेमानं केलेली प्रार्थना मात्र दोन वाक्यांत उरकली जाते. आणि त्याच्याही आधीची आठ-नऊ वर्षं, म्हणजे दुष्काळातून आणलेल्या मुलींचं खरूज धुणं, त्यांना भात भरवणं, त्यांना अक्षर शिकवणं, हे सांगायचंच राहून जातं. जागरण पाहिजे असेल तर ते खरूज धुण्यापासून सुरू होतं.

याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. जुळणी, छपाई मुक्तिसदनातल्या बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली होती. लेकीच्या मरणानंतरही हे काम थांबलं नाही. देवावर भरवसा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी चमत्काराची गोष्ट सांगत नाही. लेक गमावून पुन्हा कामाच्या मेजावर बसलेल्या या आईकडे बोट दाखवते.

उपासाचं ताट दुसऱ्याकडे जायला हवं, ही काही माझ्या आईची किंवा रमाबाईंची नवी शिकवण नव्हती. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तीदेस नावाच्या तत्त्वज्ञानं रोमन बादशहाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून देणारं निवेदन लिहिलं. त्यात तो सांगतो, की या लोकांत कुणी गरजू असला आणि त्याला द्यायला इतरांकडे जास्तीचं काही नसलं, तर ही माणसं दोन-तीन दिवस उपास करतात आणि वाचलेलं अन्न त्याला देतात. त्याच्या कितीतरी शतकं आधी यशया संदेष्ट्यानं डोकं खाली घालून, गोणपाट नेसून केलेल्या उपासावर कडक शब्दांत टीका केली होती. देवाला हवा असलेला उपास म्हणजे जखडलेल्याला सोडवणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं, उघड्याला वस्त्र देणं, असं तो बजावतो. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, की उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळूही देऊ नका. आमच्या मोबाइलवर मात्र आज उपासाच्या कितव्या दिवशी कोण आहे याचे निरोप फिरतात. हे थांबायला हवं.

याहून गंभीर गोष्ट मला नर्स म्हणून सांगायची आहे. एका आजीला मी कधी विसरू शकत नाही. साठी ओलांडलेली, बरीच वर्षं मधुमेह, रोज गोळी चालू. मुलाच्या नोकरीसाठी तिनं तीन दिवसांचा कडक उपास धरला होता. प्रार्थना घेणाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की पाणीसुद्धा घेऊ नको आणि विश्वास पक्का ठेव. गोळी मात्र ती सवयीनं घेत राहिली. दुसऱ्या रात्री तिला आमच्याकडे आणलं तेव्हा तिचं अंग घामानं भिजलेलं होतं, हात थरथरत होते, ती भलतंच बोलत होती. घरच्यांना वाटत होतं तिच्यावर आत्मा आला आहे. साखर तपासली तर पार खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज गेलं तशी काही मिनिटांत ती भानावर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझा उपास मोडला का गं?" तिच्या डोळ्यांत अपराध्यासारखा भाव होता. मुलाला नोकरी लागली नाही तर ते आपल्यामुळे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. साखर उतरण्यावरचा उपाय मला माहीत होता. तिच्या मनावर जे ओझं कुणीतरी ठेवलं होतं ते उतरवायला मात्र पुढे कितीतरी भेटी द्याव्या लागल्या.

म्हणून सगळ्याच धर्मांच्या उपास करणाऱ्यांना सांगते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारा. डोस आणि वेळा बदलाव्या लागतात. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. उलट बाजूनं, साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली की साखर चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. धर्म यात आडवा येत नाही. कुराणात आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजातून सवलत आहे. आपल्याकडच्या जुन्या बायकाही दुखणेकऱ्याला उपास लावत नसत. कॅथॉलिक चर्चच्या नियमात सक्तीचे उपास वर्षात दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्यातही एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं खायची मुभा आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्या माणसालाच तो नियम लागू आहे आणि आजाऱ्याला त्यातून मोकळीक आहे. चर्चनं हजारो वर्षांच्या अनुभवातून इतका समजूतदारपणा दाखवला आहे. मग एखाद्या आजीला पाणीसुद्धा वर्ज्य सांगायचा अधिकार कुणाला कुठून मिळतो?

किनाऱ्यावर राहणाऱ्या ख्रिस्ती घरांसाठी आणखी एक प्रश्न आहे. उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. युरोपात डोंगराळ मुलखात मटण ही चैन असेल. इथे भरडखोलला होड्या लागल्या की ताजी सुरमई किंवा पापलेट आणून त्या दिवशी जेवणं हा नियमानं उपास ठरतो. पण त्यात सोडलं काय? आमच्या घरात मी गेली काही वर्षं शुक्रवारी मासळीही आणत नाही. त्या दिवशी पेज आणि एखादी भाजी. मासळीचे वाचलेले पैसे मी वेगळ्या डब्यात टाकते. ईस्टरच्या आधी त्यातून एका घराच्या औषधांची सोय होते. रक्कम मोठी नाही, पण पापलेटाचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की अगदी लहानही नाही.

आता रोजच्या प्रार्थनेबद्दल. दिवेआगरात चर्च नाही. झावळ्यांच्या रविवारी शेजारच्या वाडीतले भाऊ न सांगता माडाची कोवळी झावळी आणून देतात, ती हातात घेऊन मी घरीच उपासना करते. ईस्टरला जमेल तेव्हा दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून, मुरूड-काशीदवरून कोर्लईच्या माउंट कार्मेल चर्चला जाते. माझा पंथ वेगळा, त्यांचा कॅथॉलिक; पण तिथं बसलं की श्रद्धा कशावर टिकते या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळतं. कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांचा. १७४० साली चौल-रेवदंड्यासह हा भाग मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. राज्य गेलं, व्यापार गेला, गावातली ख्रिस्ती माणसं मात्र शेतीवर आपलं पोट भरत राहिली. मराठी आणि जुनी पोर्तुगीज यांच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली त्यांनी आजपर्यंत टिकवली, तशीच प्रार्थनाही टिकवली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६०च्या दशकात लोकभाषांना परवानगी दिल्यानंतर तिथली मिस्सा मराठीत होऊ लागली. कुठला राजाश्रय पाठीशी नसताना पावणेतीनशे वर्षं एखाद्या खेड्यात श्रद्धा टिकते ती मोठ्या सभांवर टिकत नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर घराघरांत होणाऱ्या प्रार्थनेवर टिकते.

आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएली लोकांचीही हीच गोष्ट. नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची आठवण सांगणारा हा समाज. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावांची आडनावं लावणारा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. धर्मग्रंथ हाती नाही, हिब्रू विसरलेली, जगातल्या बाकीच्या यहुद्यांशी संबंध नाही. तरी एक प्रार्थना, शनिवारचा विसावा आणि वर्षाचे मोजके उपास त्यांनी शतकानुशतकं सोडले नाहीत. त्यांतल्या एका उपासाला ते दारं लावून दिवसभर घरात बसत. पुढे त्यांना आपला धर्म पुन्हा पूर्ण समजला तेव्हा त्याच थोडक्या धाग्यांवरून मागचं सगळं जोडता आलं.

मराठी ख्रिस्ती माणसाला रोजची प्रार्थना आपल्या सुरात करता यावी म्हणून सर्वांत जास्त कष्ट घेतले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं; साहेबी चालींच्या भाषांतरित गीतांशेजारी टाळ-मृदंगावर म्हणता येणारी गीतं उभी केली. आमच्या राहुरीत हे जोडपं राहून गेलं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण जात्यावर बसली की टिळकांची गीतं तिला एकामागून एक आठवायची. तिची रोजची उपासना तीच. त्या गीतांनी तिला देवाशी बोलायला शब्द दिले आणि देवाशी ती कधी सौदा करायला बसली नाही.

माझी स्वतःची रीत साधी आहे. पहाटे उठते, स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचते, शुभवर्तमानातला एक उतारा वाचते आणि मग वहीतली नावं घेते. ही वही नोकरीत असल्यापासूनची. तीत आजारी, एकट्या, अडचणीतल्या माणसांची नावं असतात. धर्म, जात काही न लिहिता. कुणाचं नाव पहाटे देवापुढे घेतलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात एक चक्कर टाकल्याशिवाय मला राहवत नाही. प्रार्थनेचं उत्तर येतं ते बरेचदा असं, आपल्याच पायांनी चालत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा याचा अर्थ मला पुरता कळला. मी निवृत्त झाले होते. टाळेबंदी चालू होती. दुपारपर्यंत डोळ्यांदेखत माड आणि पोफळी मोडून पडत होत्या, कौलं पानांसारखी उडत होती. मी प्रार्थना करत होते आणि माझ्याही घराचं अर्धं छप्पर गेलं. प्रार्थना केली म्हणून वादळ माझ्या घरावरून वळून गेलं नाही आणि तसं ते वळावं असं मी कधी मागितलंही नाही. ते वळून पडलं असतं ते शेजाऱ्याच्या घरावर. वादळ ओसरल्यावर मला एक गोष्ट मात्र लगेच सुचली. वही काढली. कोण एकटं राहतं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, हे सगळं तीत होतंच. वीज जाऊन फ्रिज बंद पडले होते आणि ती काही आठवडे येणार नव्हती. ज्यांच्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या होत्या त्यांना मातीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून, त्यात कोरड्या डब्यात बाटली कशी ठेवायची ते दाखवलं. विहिरींत पालापाचोळा पडून पाणी खराब झालं होतं, तिथं आशाताई आणि पोरं टीसीएल पावडर टाकत फिरली. कुणाच्या देवाचं नाव घेऊन कोण आलं, हे त्या दिवसांत कुणीच कुणाला विचारलं नाही.

झावळी देणाऱ्या भावांची वडिलोपार्जित पोफळीची बाग त्या दुपारी जवळजवळ संपूर्ण आडवी झाली. त्याच पावसाळ्यात त्यांनी नवी रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. माझ्या मते विश्वास तो असा असतो. देवाकडून उद्या सकाळी काय हातात पडेल याची वाट पाहत बसणारा विश्वास पोफळीच्या रोपाला पाणी घालू शकत नाही.

कुणी म्हणेल, माणूस अडचणीत असताना देवाकडे मागणार नाही तर कुणाकडे मागणार? जरूर मागावं. मीही मागते. आजारी नातवंडासाठी, पावसासाठी, कर्जातून सुटण्यासाठी मागणं यात कमीपणा नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितली आहे. पण ती भाकर आमची म्हणून मागायची आहे, एकट्या माझी म्हणून नाही. मागणं ऐकलं गेलं नाही तर दोष आपल्या उपासात होता, विश्वास कमी पडला, असं कुणीही कुणाला सांगू नये. दुःखात असलेल्या माणसाच्या खांद्यावर अपराधाचं ओझं ठेवणं हे पाप आहे, मग ते कितीही भक्तिभावानं ठेवलेलं असो.

मंडळ्यांच्या पाळकांना आणि प्रार्थना चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उपास-प्रार्थना ठेवताना आधी विचारा, कुणाला मधुमेह आहे, कोण गरोदर आहे, कुणाची गोळी चालू आहे. त्यांना उपासातून उघडपणे सोडा, म्हणजे त्यांना लाज वाटणार नाही. जेवणाचे वाचलेले पैसे आणि धान्य कुठे जाणार, हे सभेच्या आधी ठरवा आणि नंतर हिशोब वाचून दाखवा. एकवीस दिवसांच्या उपासापेक्षा एकवीस घरांत रोज दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना सुरू करून द्या. ती अडचण संपल्यावरही चालू राहील.

येत्या शुक्रवारी मी दुपारी जेवणार नाही. त्या जेवणाचे पैसे आणि तो मोकळा झालेला तास कुणाचा, हे मी गुरुवारीच ठरवून ठेवणार आहे. माझ्या ख्रिस्ती भावंडांनीही तेवढं ठरवूनच उपासाला बसावं. ज्यांना प्रकृतीमुळे उपास झेपत नसेल त्यांनी वेळेवर गोळी घ्यावी, पोटभर जेवावं आणि जेवायच्या आधी जवळपासच्या एखाद्या भुकेल्या घरात एक डबा पोचवावा. देव त्यालाही उपास म्हणूनच धरेल, यावर माझा पूर्ण भरवसा आहे.